चेअरमनांची गूळतुला

चेअरमनांनी सूर्यफुलाच्या बिया जशाच्या तशा परत केल्या होत्या. माझ्या सासऱ्यांनी त्या विष्ठेतून काडीनं एकेक करून वेगळ्या काढल्या, वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाले, "पाव्हणं, ह्या पेरल्या तर उगवतील बघा."

"मामा, हे लक्षण चांगलं नाही."

"पाखरू आहे. बी गिळणार, बी टाकणार. जंगलं कशी वाढली मग?"

चेअरमन म्हणजे मामांचा मकाव, परदेशी जातीचा मोठा पोपट. निळी पाठ, पिवळं पोट आणि माणसाचं बोट सहज मोडेल अशी काळी चोच. पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं गुळाच्या व्यवहारात खूश होऊन तो कागदपत्रांसकट भेट दिला होता. पहिल्याच दिवशी तो दुकानाच्या गादीवर छाती काढून फिरला, लोडावर चढून बसला आणि समोरचा काय बोलतो ते न ऐकताच मान हलवू लागला. गडहिंग्लजच्या गूळपेठेनं त्याच दिवशी एकमतानं त्याचं नाव चेअरमन ठेवलं. त्याला एकच वाक्य येत होतं. "घ्या मोजून!" हे तो दिवसभर मामांच्या तोंडून ऐकून शिकला होता, आणि गिऱ्हाईक असो की पोस्टमन, सगळ्यांना ऐकवायचा.

या गोष्टीला आता एक तप उलटून गेलं. मी आणि माझी बायको शैलजा दिवाळीला तिच्या माहेरी गेलो होतो. मी तेव्हा कोल्हापुरात विजेचे मीटर तपासायचं काम करत होतो. लोकांनी मीटरला कुठं काय चिकटवून ठेवलंय ते हुडकायचं, ही माझी नोकरी. त्यामुळं सासरी सगळे माझ्याशी अदबीनं आणि जरा जपूनच बोलत.

त्या वर्षी चेअरमन वाळले होते. छातीचं हाड सुरीसारखं वर आलं होतं. खाणं मात्र पूर्वीपेक्षा वाढलेलं. असं का व्हावं, यावर घरात प्रत्येकाचं मत तयार होतं.

"दृष्ट लागलीय," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी मामी म्हणतो. "समोरच्या हुक्केरींची. येता जाता बघतात. मी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, तर कसल्या तडतडल्या म्हणून सांगू!"

"मोहऱ्या तडतडतातच की आई," माझा मेहुणा राजशेखर म्हणाला. "त्याला एकटेपणा खातोय. बाई पाहिजे त्याला. पुण्यात एक मादी बघून ठेवलीय मी. भाऊबीज झाली की आणतो."

दुकानाचा हमाल दौलू उंबऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "वायगोळा हाय त्यो. आमच्या म्हशीला असाच झाल्ता."

"मग म्हशीचं काय झालं?" मी विचारलं.

"मेली की."

मी अंगणात गेलो आणि डॉ. रेश्मा मुजावरांना फोन लावला. त्यांच्या पक्ष्यांच्या दवाखान्याचं मीटर माझ्या भागात होतं, तेवढीच आमची ओळख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बिया अख्ख्या पडतात? खातो भरपूर आणि तरी वाळतो? कित्तुरेसाहेब, न बघता ठाम सांगायचं नाही. पण पोपटांत एक विषाणू असतो, तो पोटाच्या नसांवर जातो. पोट ढिलं पडतं, फुगतं, आलेलं पुढं ढकलतच नाही. मग वरून कितीही घाला, अंगी लागत नाही. एक्स-रे काढावा लागेल, नमुना तपासणीला पाठवावा लागेल. आणा लवकर."

"बरा होतो?"

"मुळापासून नाही. पण औषधावर आणि मऊ खाण्यावर पुष्कळ पाखरं तगतात. उशीर केलात तर मात्र भरल्या पोटी उपाशी मरेल. आणि हो, दुसरा पोपट त्याच्याजवळ आणू नका. विष्ठेतून त्यालाही लागेल. माणसांना काही होत नाही."

मी आत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. मामी रडू लागल्या. त्यांच्या मते डॉक्टर म्हणजे सुरी. राजशेखर म्हणाला की बाईमाणसानं फोनवर पोपटाचं पोट बघितलं, हे नवलच. मामांनी लोडावर थाप मारली.

"परवा पाडवा आहे. चेअरमनांची गूळतुला होईल. वजन घटलं असलं तर त्याच पावली डॉक्टरकडं. घटलं नसलं तर पाव्हण्यांनी परत हा विषय काढायचा नाही. आपला काटा सांगेल ते खरं."

मला हे पटलं. मगदूमांच्या, म्हणजे मामांच्या, काट्याविषयी पेठेत दुमत नव्हतं. दोन व्यापाऱ्यांची वजनावरून जुंपली तर दोघं माल घेऊन मामांच्या दारात येत. दिवाळीच्या पाडव्याला इतर दुकानांत वह्यांची पूजा व्हायची, मामांकडं आधी काट्याची. मोठा, उभा, लोखंडी पारड्यांचा काटा. पूजा झाली की एका पारड्यात चेअरमन, दुसऱ्यात गूळ, आणि चेअरमनांच्या भाराइतका गूळ पेठेत प्रसाद म्हणून वाटायचा, अशी त्यांनी पद्धत पाडली होती. लोक हसायचे, पण प्रसादाला सगळे यायचे.

पाडव्याच्या सकाळी काटा झेंडूच्या माळांत नखशिखांत बुडाला होता. दांडी दिसत नव्हती, साखळ्या दिसत नव्हत्या. वजन करेपर्यंत हलू नये म्हणून दांडी दोरीनं आडवी बांधून ठेवली होती. एका पारड्यात मामींनी खणाची नवी गादी घातली होती. "नुसत्या लोखंडावर बसायचं म्हणजे त्याला थंडी वाजते," असं त्या कुणी न विचारताच म्हणाल्या. दौलूनं गुळाचे रवे, म्हणजे छोट्या ढेपा, आणून फडक्यावर मांडले. ते त्यानं लहान बाळासारखे दोन्ही हातांवर आणले, एरवी तो रवे फेकायचा. राजशेखर पारड्याच्या खाली वाकून रांगोळी काढत होता. मी लग्न झाल्यापासून त्याला रांगोळी काढताना प्रथमच बघत होतो.

पेठेतले लोक जमले. समोरचे हुक्केरीअण्णा पुढंच उभे होते. मामांचे बालमित्र आणि धंद्यातले वैरी, दोन्ही तेच.

"काय मगदूम," ते म्हणाले, "यंदा चेअरमन पिसं धरून भरायचे की पिसं वजा करून?"

"बघशील की आता," मामा म्हणाले.

एरवी मामा तुला करण्याआधी रिकामा काटा सगळ्यांना दाखवत. मोकळी पारडी, मधोमध काटा, मग हात जोडून "बघून घ्या" म्हणत. त्या दिवशी ते राहून गेलं. मला वाटलं, घाईत विसरले.

मामांनी चेअरमनांना गादीवर ठेवलं आणि दांडीची दोरी सोडली. पिसं विस्कटलेली, मान खांद्यात, डोळे अर्धे मिटलेले. पारडं असं धाडकन खाली गेलं की रांगोळीवर आपटलं. चेअरमनांनी घाबरून पंख पसरले.

मागच्या वर्षी एका रव्यात काम झालं होतं, वर थोडा चुरा लागला होता. दौलूनं पहिला रवा ठेवला. पारडं हललं नाही. दुसरा ठेवला. हललं नाही. लोकांत कुजबूज सुरू झाली. तिसरा ठेवला तेव्हा चेअरमनांचं पारडं जेमतेम जमिनीवरून सुटलं.

मी त्या वेळी घरच्यांचे चेहरे पाहिले. पहिल्या रव्याला सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दुसऱ्याला आश्चर्य. तिसऱ्याला मामा, मामी, राजशेखर आणि दौलू या चौघांच्याही चेहऱ्यावर भीती होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघायचं टाळत होता. मीटर उघडायला सांगितल्यावर लोक असेच भिंतीकडं बघतात.

"आयला," हुक्केरीअण्णा म्हणाले, "हा पोपट आहे का बोकड?"

वर मूठमूठ चुरा घातला तेव्हा काटा मधोमध आला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मामा मोठ्यानं म्हणाले, "बघितलंत पाव्हणं? तिपटीनं भरला. आता डॉक्टर नाही, आणि एक्स-रेचा फोटो नाही. राजू, परवा पुण्याला जा आणि त्याची जोडी घेऊन ये."

आता विषय काढायचा नाही, असं ठरलं होतं. चेअरमन गादीवर बसून हळूहळू एका बाजूला कलत होते. त्यांनी शेपटी उचलली आणि खणावर पुन्हा चार अख्ख्या बिया टाकल्या.

"मामा," मी म्हणालो, "काटा खोटा आहे."

शैलजानं मागून माझा शर्ट धरला. त्या घरात मुलाला उनाड म्हटलेलं चाललं असतं, सुनेला आळशी म्हटलेलं चाललं असतं. काट्याला खोटा म्हणणारा माणूस त्या उंबऱ्यात आजवर उभा राहिला नव्हता.

"घ्या मोजून!" चेअरमन म्हणाले.

"परत बोला," मामा मला म्हणाले.

"काटा खोटा आहे. पाखरू उचला आणि रिकामा दाखवा."

मामांनी चेअरमनांना उचलून खांद्यावर घेतलं. दौलूनं गूळ उतरवला. एक पारडं मोकळं, दुसऱ्यात नुसती गादी. गादीचं पारडं खाली ते खालीच. मी गादी उचलली. ती उचलायलाच जोर लागला.

"मामी, यात काय आहे?"

"कापूस," मामी म्हणाल्या.

"कापूस वाजतो का?"

मी शिवण उसवली. आतून त्यांचा चांदीचा करंडा निघाला, आणि पाठोपाठ खलबत्त्यातला बत्ता.

"अहो, सणासुदीला तुमचं तोंड उतरलं असतं," मामी मामांना म्हणाल्या. "मी आधी करंडाच घातला होता. मग मेला तो पुरेसा वाटेना."

"माझ्या काट्याला?" मामा म्हणाले. "पाडव्याला? तू?"

गादी काढली तरी पारडं वर येईना. मी गुडघ्यावर बसलो आणि पारड्याच्या बुडाला हात घातला. हे मला जाग्यावर सापडणार याची खात्री होती. लोखंड दिसलं की लोक एकच वस्तू आणतात. जुन्या स्पीकरचा मोठा लोहचुंबक होता. ओढून काढताना माझी नखं दुखली.

"राजशेखर, तुझ्या खोलीतला स्पीकर बंद का आहे, हे परवापासून विचारायचं होतं."

"मादीची बोलणी झाली होती दाजी," तो पायाच्या अंगठ्यानं रांगोळी पुसत म्हणाला. "ती मोडली असती तर पुढच्या वर्षापर्यंत दुसरी मादी मिळाली नसती."

"माझ्या पोटचा पोर!" मामांचा आवाज चढला. "दौलू, एवढ्यांत तूच एक सरळ माणूस बघ!"

दौलूनं तिथल्या तिथं खाली बसकण मारली. "मालक, मलाबी जमंना. रवं आतनं पोकरल्यात. हुक्केरींच्या हमालानं लई चिडवलं वो. म्हनला, तुमचा चेअरमन आता चिमनी झाला. म्हनून म्हनलं, रवं जास्ती लागूंदेत."

"आणि आतला गूळ?"

"खाल्ला की. दोन दिस दुसरं काय खाल्लंच न्हाई."

हुक्केरीअण्णा इतके हसत होते की त्यांना दुकानाच्या खांबाला धरावं लागलं. चाळीस वर्षं, माझं नाव, माझी पेठ, असं काहीबाही मामा बोलत होते. मी मात्र काट्याकडं बघत होतो. गादी गेली, चुंबक गेला, दोन्ही पारडी मोकळी. तरी चेअरमनांची बाजू अजून झुकलेलीच होती.

"अजून आहे," मी म्हणालो.

मी माळा सरकवत दांडीच्या टोकापर्यंत गेलो. तिथं, साखळीच्या आकड्यापाशी, लाखेचा एक गोळा होता. लाल फडक्यात नीट गुंडाळलेला, दोऱ्यानं बांधलेला. हे काम जाणत्याचं होतं. अशा गोळ्याला पासंग म्हणतात, आणि पासंग लावणाऱ्यांना मामा दारातही उभं करत नसत.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

मामींनी मान हलवली. राजशेखरनं शपथ घेतली. दौलू म्हणाला, "मला दांडीपतुर हात न्हाई पोचत."

मग सगळ्यांनी मामांकडं पाहिलं. ते ओरडायचे थांबले होते. चेअरमन त्यांच्या खांद्यावरून त्यांच्या कानाची पाळी चोचीत धरून बसले होते, तशी ती रोजच धरायचे.

"ते माझं," मामा म्हणाले.

हुक्केरीअण्णांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"रात्रभर झोप नव्हती," मामा कुणाकडंही न बघता बोलत होते. "हातात घेतला की कळतं की रे. रोज घेतो मी त्याला. वजन काट्यावर बघायला लागतंय होय? काटा खोटा बोलला तर खोटं मी बोललो असं होणार नाही, असं वाटलं. एवढंच."

त्यांनी स्वतःच्या हातानं पासंगाचा दोरा सोडला. काटा मधोमध आला. मग त्यांनी चेअरमनांना नुसत्या लोखंडी पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात, दौलूनं न पोखरलेल्या रव्यातला, गुळाचा खडा घातला. मग दुसरा. फार घालावे लागले नाहीत. मागच्या वर्षीच्या पाऊणपटही गूळ लागला नाही.

एवढा गूळ पेठेला पुरणार नव्हता. कुणी पुढं येईना. शेवटी हुक्केरीअण्णा पुढं झाले, त्यांनी नखाएवढा तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

"बघताय काय?" ते लोकांवर खेकसले. "प्रसाद आहे. प्रसाद काय पोटभर खायचा असतो? आणि मगदूम, माझी गाडी दारात उभी आहे. तुझी धड चालू व्हायची नाही. बस तिच्यात."

हुक्केरीअण्णांच्या गाडीत आम्ही दाटीनं बसलो. डॉक्टर मुजावरांनी पाडव्याची सुट्टी मोडून दवाखाना उघडला. एक्स-रेमध्ये चेअरमनांचं पोट फुगलेल्या पिशवीसारखं दिसत होतं. त्यांनी तोंडाचा आणि विष्ठेचा नमुना घेतला. अहवाल पुढं आला तो त्यांच्या अंदाजाप्रमाणंच आला, पण औषध त्यांनी त्याच दिवशी सुरू केलं.

"आता खरं सांगा," त्या म्हणाल्या. "याला काय काय खायला घालता?"

"सूर्यफूल आणि फळं," मामा म्हणाले.

"बस?"

"आणि सकाळी माझ्याबरोबर गूळ-शेंगदाणे. थोडे."

"मी दुपारी शेंगाची पोळी देते," मामी म्हणाल्या. "तूप लावून. त्याचं पोट भरत नाही असं मला वाटायचं."

"मी काजू," राजशेखर म्हणाला.

"भडंग," दौलू म्हणाला.

चौघंही एकमेकांकडं बघत राहिले. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच देतो.

"एवढं खाऊन मीसुद्धा आडवी झाले असते," डॉक्टर म्हणाल्या. "ज्या पोटातून काही पुढं सरकत नाही, त्यात तुम्ही चार बाजूंनी भरताय. आता नीट ऐका. मऊ शिजवलेलं, थोडं थोडं, ठरल्या वेळी, आणि एकाच माणसाच्या हातनं. वरचा एक दाणा नाही. त्यानं मान वाकडी केली, डोळे मिचकावले, ओरडून घर डोक्यावर घेतलं, तरी नाही. तुमच्या घरात असं कोण आहे?"

चौघांनीही माना खाली घातल्या. मग मामांनी माझ्याकडं बोट केलं.

"हे आहेत. ह्यांना पाखराची माया नाही."

"मामा!" शैलजा म्हणाली.

"वाईट म्हणत नाही मी. चांगलं म्हणतोय. ज्या माणसानं पाडव्याला, भर पेठेत, माझ्या तोंडावर माझा काटा खोटा म्हटलं, तो पोपटाला भीत नाही. घेऊन जा पाव्हणं."

खरं बोलल्याची शिक्षा म्हणून चेअरमन आमच्या दोन खोल्यांच्या घरात आले. त्यांनी पहिल्याच दिवशी माझा अंगठा फोडला. पुढं मी शिजवलेला भात-डाळीचा लगदा घेऊन समोर गेलो की ते पाठ फिरवत आणि शैलजाकडं बघून, मरायला टेकल्यासारखा आवाज काढत. शैलजाचे डोळे भरून येत. मी तिला स्वयंपाकघरात पाठवत असे. शेजारीपाजारी मला कसाई म्हणू लागले. बिया पडायच्या बंद झाल्या, छातीवर हळूहळू मांस धरलं, आणि त्यांचा माझ्यावरचा राग मात्र तसूभरही कमी झाला नाही.

मामा दर रविवारी एसटीनं भेटायला यायचे. मी दारातच त्यांचे खिसे तपासायचो. "एक दाणा?" ते विचारायचे. "नाही," मी म्हणायचो. "अर्धा?" "नाही." मग ते चेअरमनांना खांद्यावर घेऊन तासभर बसायचे आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परत जायचे.

एका वर्षानं, मधल्या कुठल्यातरी वारी, दारावर टकटक झाली. मामा उभे होते. हातात वळकटी, काखेत कपड्यांची पिशवी, आणि एकटेच.

"काय झालं मामा? आज रविवार नाही."

"साखर निघालीय," ते म्हणाले. "खूप. डॉक्टरनं गूळ बंद केलाय, पोळी बंद, तूप बंद."

"मग?"

"तुमची मामी पोळी ताटाखाली सरकवते. राजू खिशात पेढे घालून येतो. दौलू रोज गुळाचा खडा उशाला ठेवतो. मला नाही म्हणता येत नाही हो." त्यांनी पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली. "तिकडं राहिलो तर दिवाळी बघणार नाही मी. तिथं सगळ्यांची माझ्यावर फार माया आहे. मला इथंच ठेवा."

मी त्यांचे खिसे तपासले. डाव्या खिशात शेंगदाण्याची चिक्की निघाली. ती काढून घेतली, आणि त्यांना आत घेतलं.